शाळेचे मैदान : मोजणी, मांडणी आणि जोपासना



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्या गुरुवर्यांच्या कार्याचा परिचय प्रास्ताविकात झालाच आहे. त्यांना अभिवादन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. विषयाची निवड चिटणीसांनी माझ्यावर सोपविली होती. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक संतसाहित्यावर किंवा एखाद्या कवीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या सोयी आणि साधने यांच्या नियोजनाविषयी बोलणार आहे. निवृत्तीनंतर शाळांच्या समित्यांवर बसण्याचे योग मला वारंवार आले. तेथे एक गोष्ट सतत नजरेस येते. वर्गखोलीचा प्रश्न निघाला की सभा दोन तास चालते. मैदानाचा प्रश्न निघाला की ‘ते पुढे पाहू’ असे म्हणून दोन मिनिटांत कार्यवृत्त पुढे सरकते. हे ‘पुढे पाहू’ आता परवडण्यासारखे राहिलेले नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

भाषेच्या अभ्यासकाला शब्दांपासून आरंभ करण्याची सवय असते. आपल्या मराठीत ‘तालीम’ म्हटले की लाल माती, लंगोट आणि जोरबैठका डोळ्यांसमोर येतात. याच हैदराबादेत उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याला विचारा. त्याच्या लेखी ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मूळ अरबी शब्द शिकविण्याचाच वाचक आहे. निजामाच्या राज्यात शिक्षणखात्याच्या कागदपत्रांत तो त्या अर्थाने वावरला आणि मराठी मुलखात तो आखाड्यात जाऊन बसला. एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ ज्या शहराच्या कानांवर रोज पडतात, त्या शहराने तरी शिक्षण आणि व्यायाम यांची फारकत करू नये. शरीर हे धर्माचे आद्य साधन असल्याचे कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तले वचन शाळाशाळांच्या भिंतींवर रंगविलेले असते, म्हणून ते मी येथे पुन्हा म्हणत नाही. भिंतीवरच्या वचनापेक्षा भिंतीपलीकडच्या जमिनीचे काय झाले, हा माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आपल्या शहरात एक परंपरा आहे. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींच्या पुढाकाराने येथे विवेकवर्धिनीची स्थापना झाली आणि परभाषेच्या राज्यात मराठी मुलांच्या शिक्षणाला हक्काचे घर मिळाले. त्याच सुमारास महाराष्ट्रात शरीरशिक्षणाचे नवे वारे वाहत होते. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला आणि १९१४ साली तेथे खो-खोच्या नियमांना लेखी रूप देण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. या मंडळाच्या पथकाने पुढे १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. १९२४ साली शिवरामपंत दामल्यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापिले. हैदराबादही मागे नव्हते. मद्रासेत हॅरी बक यांनी १९२० साली शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले होते. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९३१ मध्ये, आपल्याकडे सरकारी शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले. मुंबई इलाख्यातील कांदिवलीची संस्था १९३८ सालची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कालक्रमाचे महत्त्व कळते. आणि मल्लखांबाची ती कथा! निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यास दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारी गेले. त्यांचे आव्हान स्वीकारण्यासाठी बाळंभटदादा देवधरांनी सप्तशृंगीला जाऊन साधना केली आणि तीतून मल्लखांबाची विद्या उभी राहिली, असे परंपरा सांगते. म्हणजे या विद्येच्या जन्मकथेतही आमच्या शहराचा वाटा आहे, प्रतिपक्षाचा का असेना!

मात्र या परंपरेतून एक नाव मला विशेष घ्यावेसे वाटते. सय्यद अब्दुल रहीम हे १९५० ते १९६३ या काळात हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या संघाने मुंबईच्या रोव्हर्स चषकावर १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे आपले नाव कोरले. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताचा फुटबॉल संघ १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९५१ व १९६२ अशा दोन आशियाई स्पर्धांत त्याने सुवर्णपदक मिळविले. परंतु रहीमसाहेब मुळात शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा याच शहरातल्या शाळांतून त्यांनी शिकविले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळांतील खेळांची जबाबदारी सांभाळली. त्यांच्याविषयी सांगितले जाते की, चेंडू पायात खेळवत नेण्यास मनाई असलेले सामने ते भरवीत, जेणेकरून चेंडू तत्काळ दुसऱ्याकडे द्यावा लागे. दुबळ्या पायानेच खेळण्याचे सामने भरवीत. ठेंगण्या मुलांसाठी वेगळे सामने भरवीत. या तिन्ही प्रयोगांना नवे साहित्य किती लागले? काहीही नाही. लागला तो विचार : कोणत्या मुलाला काय यावयास हवे आणि त्यासाठी आहे तीच जागा व तोच चेंडू कसा वापरावा. नियोजन म्हणतात ते यालाच. सामानाची यादी करणे हे नियोजनाचे शेवटचे पाऊल होय. आपण ते पहिले समजतो, तेथेच घोटाळा होतो.

मग पहिले पाऊल कोणते? पहिले पाऊल मोजणीचे. प्रथम मुले मोजावीत, मग तासिका, मग जागा, आणि सर्वांत शेवटी साहित्य.

उदाहरणादाखल चारशे मुलांची एक शाळा घेऊ. प्रत्येकी ४० मुलांच्या १० तुकड्या. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून शारीरिक शिक्षणाचे तीन तास द्यावयाचे तर एकूण ३० तास झाले. सोमवार ते शुक्रवार रोजचे ८ आणि शनिवारी सकाळच्या शाळेचे ५ असे आठवड्याचे ४५ तास धरले, तर कागदावर हिशेब सुखाने बसतो. एका वेळी एकच तुकडी मैदानावर असेल. पण हैदराबादचा मार्च-एप्रिल कागद पाहून येत नाही. उन्हाळ्यात मुलांना बाहेर काढता येते ते पहिल्या दोन आणि फार तर शेवटच्या दोन तासांना. म्हणजे पाच दिवसांचे २० आणि शनिवारचे ५ मिळून २५ तास उरले. तास हवेत ३०, हाताशी आहेत २५. तेव्हा निदान पाच वेळा दोन तुकड्या, म्हणजे ८० मुले, एकदम मैदानावर येणार. मैदानाचा आराखडा या ८० मुलांसाठी करावयाचा असतो. शाळेचा संघ म्हणून निवडलेल्या पंधरा जणांसाठी तो केला, तर उरलेल्या ६५ मुलांनी काय करावयाचे? ती कडेला बसतात. आपण त्यांना ‘प्रेक्षक’ असे गोंडस नाव देतो.

कडेला बसणे हा शारीरिक शिक्षणातला खरा रोग आहे. तास ३५ मिनिटांचा. रांगेने जाणे, परत येणे, हजेरी वजा जाता हाती २५ मिनिटे राहतात. लांब उडीचा एकच हौद असेल आणि प्रत्येक मुलाला अर्धा मिनिट लागत असेल, तर ४० मुलांची एक फेरी २० मिनिटांत पुरी होते. म्हणजे एका तासात एका मुलाची एक उडी! भाषेच्या तासाला प्रत्येक मुलाने एकच शब्द लिहावा आणि मग हात बांधून बसावे, असे कोणी ठरविले तर पालक आपल्याला शाळेतून हुसकून लावतील. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी असे सांगते. आमच्या हिशेबातले मूल तासभरात मिनिटभरही धावत नसेल, तर त्याला दिलेला तास वेळापत्रकात आहे, त्याच्या शरीरात नाही.

आता जागेची मोजणी करू. निरनिराळ्या खेळांना कडेच्या मोकळ्या पट्टीसह किती जागा लागते आणि तीत एका वेळी किती मुले खेळतात, हे मी ताडून पाहिले. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर. भोवतीचा दीड मीटर धरून ५७० चौरस मीटर. एका वेळी खेळणारे १२. म्हणजे दर मुलामागे सुमारे ४७ चौरस मीटर. मुलींच्या कबड्डीचे अंगण १२ बाय ८ मीटर, भोवती तीन-तीन मीटर सोडले तर २५२ चौरस मीटर, खेळाडू १४, दर मुलामागे १८. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९ मीटर; मोकळ्या पट्टीसह ३६०; खेळाडू १२; दर मुलामागे ३०. बास्केटबॉलचे २८ बाय १५ मीटर, दोन मीटरच्या पट्टीसह ६०८, खेळाडू १०, दर मुलामागे ६१. आणि १०० बाय ६४ मीटरच्या फुटबॉल मैदानावर २२ खेळाडू धरले, तर दर मुलामागे जवळजवळ २९०. या आकड्यांचा अर्थ फुटबॉल खेळू नये असा नव्हे. रहीमसाहेबांच्या शहरात तसे म्हणणे पातकच ठरेल. अर्थ एवढाच की, जागा थोडी असेल तर लहान मैदानावर पाच-पाच, सात-सात जणांचे सामने करावेत, आणि आपल्या मातीतले खेळ ‘गरिबांचे’ म्हणून मागे न टाकता जागेची सर्वांत चांगली किंमत देणारे खेळ म्हणून पुढे आणावेत. खो-खोची पहिली अखिल भारतीय स्पर्धा १९५९-६० मध्ये आंध्रातल्या विजयवाड्यास झाली होती. हा खेळ या प्रदेशाला परका नाही.

शहरातल्या शाळेला अर्धा एकर मोकळी जागा मिळाली तरी ते भाग्य समजावे. अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर. समजा तिची लांबी ८० आणि रुंदी २५ मीटर आहे आणि लांबी दक्षिणोत्तर आहे. एका लांब कडेला पाच मीटरची पट्टी सोडा. तीत सव्वा मीटरच्या चार धावपट्ट्या बसतात आणि ६० मीटरच्या शर्यतीनंतर थांबण्यास २० मीटर उरतात. राहिलेल्या २० मीटर रुंदीत खो-खोला ३० मीटर, व्हॉलीबॉलला २४ मीटर आणि कबड्डीला १४ मीटर लांबी द्या. बारा मीटरचा तुकडा उरतो. तेथे मऊ मातीचा चौथरा, एक पुरलेला मल्लखांब आणि एक दोरीचा मल्लखांब. आता ८० मुले आली असे समजा. खो-खोचे दोन संघ मिळून १८, कबड्डीत १४, व्हॉलीबॉलला १२ अशी ४४ मुले गुंतली. उरलेली ३६ धावपट्टीवर, मल्लखांबावर आणि दोरीच्या उड्यांवर तीन गटांत वाटली, आणि दर आठ-दहा मिनिटांनी गट बदलले, तर कोणीही कडेला बसत नाही. प्रत्येक शाळेची जागा अशी काटकोनात असत नाही, हे मी जाणतो. पण कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन ही मांडणी करून पाहिलेली शाळा विरळाच. घराचा ओटा बांधताना आपण गवंड्याला चार वेळा माप घ्यावयास लावतो. मैदानाचे माप मात्र नजरेने घेतो.

मांडणी करताना पाच-सहा गोष्टींकडे लक्ष पुरवावे लागते. त्या साध्या आहेत, म्हणूनच त्या राहून जातात. समोरासमोर खेळावयाच्या मैदानांची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे उतरते ऊन कोणत्याच संघाच्या डोळ्यांत जात नाही. पश्चिमेच्या कडेला कडुनिंबासारखी झाडे लावावीत. मात्र ती मैदानाच्या रेषेपासून इतकी दूर हवीत की मुळे वर येऊन कोणी ठेचकाळू नये. हैदराबादेत वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत येतो. तेव्हा मैदानाला शंभर मीटरला एक मीटर असा हलका उतार आणि कडेने चर हवा. नाही तर जुलैत तळे आणि फेब्रुवारीत दगड अशी त्याची अवस्था होते. येथील मुरमाड, खडकाळ जमिनीवर पडलेल्या मुलाचे गुडघे फुटतात. म्हणून वरचा थर चाळलेल्या मातीचा असावा आणि तो दरवर्षी भरून, पाणी मारून, रूळ फिरवून घ्यावा. सिमेंटचे अंगण एकदा केले की खर्च संपला असे वाटते. वस्तुतः तो खर्च मुलांच्या घोट्यांवर आणि गुडघ्यांवर टाकला जातो. फुटबॉलचे हलविता येणारे गोलखांब जमिनीला पक्के जखडलेले नसतील तर ते मुलाच्या अंगावर कोसळू शकतात. भालाफेक आणि थाळीफेक अर्ध्या एकरावर करूच नये. त्यासाठी मुलांना मोठ्या मैदानावर न्यावे. आणि मोटारी उभ्या करण्याची जागा मैदानाबाहेर असावी. आज सकाळी ‘थोड्या वेळापुरती’ उभी राहिलेली गाडी उद्या तेथे छप्पर मागते.

यानंतर साहित्य. साहित्याचे तीन वर्ग करावेत. पहिला, जमिनीत रोवलेले : खांब, मल्लखांब, जाळीचे दांडे. दुसरा, चार-पाच वर्षे टिकणारे : गाद्या, लेझिमी, लाकडी डंबेल्स, अडथळ्यांच्या शर्यतीचे घोडे. तिसरा, झिजणारे : चेंडू, जाळ्या, दोऱ्या, चुना. बहुतेक शाळा पहिल्या दोहोंसाठी एकदा मोठी रक्कम खर्च करतात आणि तिसऱ्यासाठी काहीच ठेवीत नाहीत. मग जूनमध्ये आणलेले चेंडू दिवाळीपर्यंत संपतात आणि उरलेले वर्ष ‘मुलांना सोडले आहे’ या सदरात जाते. साहित्याची संख्या ठरविताना संघाचा आकार पाहू नये, तुकडीचा आकार पाहावा. ४० मुलांना २० दोऱ्या, म्हणजे दोघांत एक. १० चेंडू, म्हणजे चौघांत एक. लेझीम प्रत्येकी एक. चेंडूंचे आकार मुलांच्या हातांप्रमाणे वेगवेगळे असावेत. पाचवीतल्या मुलीच्या हातात मोठ्यांचा बास्केटबॉल देऊन ‘हिला जमत नाही’ असे म्हणणे हा अन्याय आहे. जुने टायर, सुतळीच्या भरलेल्या पिशव्या, बांबू, चुन्याने आखलेल्या चौकटी यांतून पुष्कळ साधने शाळेतच होतात. मल्लखांब सुताराकडून करून घ्यावा, पण लाकूड जाणत्याने पारखावे, आणि एरंडेल तेलाचा हात त्यावर नियमाने फिरावा.

शाळांच्या दफ्तरी टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला ‘डेडस्टॉक रजिस्टर’ म्हणतात. नाव मोठे बोलके आहे. कपाटात कुलूपबंद ठेवलेले साहित्य खरोखरच मृत असते. तपासणीच्या दिवशी त्याची मोजदाद होते, संख्या बरोबर भरते, आणि सगळे समाधानाने घरी जातात. संख्या बरोबर भरली याचा अर्थच असा की वर्षभरात एकही वस्तू वापरून झिजली नाही! ज्या शाळेत चेंडू झिजत नाहीत त्या शाळेत मुले खेळत नाहीत. म्हणून नोंदवहीत आणखी एक रकाना असावा : वस्तू किती तास वापरली गेली. शिक्षकाला फुटलेल्या चेंडूची भीती वाटू नये, न फुटलेल्याची वाटावी. आणि कपाटाची किल्ली एकाच्या खिशात न राहता मैदानाजवळच्या खोलीत, वर्गप्रमुख मुलामुलींच्या ताब्यात, सही घेऊन द्यावी. मुले वस्तू हरवतात हे खरे. जबाबदारी दिल्यावर कमी हरवतात हेही तितकेच खरे.

आता एका नाजूक बाबीकडे येतो. मैदान हे नावाला सर्वांचे असते. प्रत्यक्षात ते धिटाईने पुढे येणाऱ्या मुलांचे होते. मुली कडेने चालतात, अशक्त मुलांना हजेरी मांडावयास बसवितात, आणि अपंग मुलाला ‘तू वर्गातच थांब’ असे मायेने सांगतात. ही माया त्याच्या वाट्याचे मैदान काढून घेते. मिताली राजसारखी फलंदाज सिकंदराबादेत घडली, कारण भावाच्या क्रिकेट-शिबिराच्या मैदानात लहानपणी तिलाही जागा मिळाली. वरंगळ जिल्ह्यातील कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी बौद्धिक अपंगत्व असूनही धावली आणि २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक आणले. पदके प्रत्येकाला मिळणार नाहीत. पण आराखड्यात काही तरतुदी केल्या तर मैदान प्रत्येकाला मिळते. मुलींसाठी मैदानाच्या जवळ कपडे बदलण्याची खोली आणि पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह हवे. ते नसेल तर आठवीनंतर मुली ‘बरे नाही’ असे सांगून तास चुकवितात, आणि खरे कारण कोणी विचारीत नाही. मैदानाकडे जाणारी वाट पायऱ्यांची नसून उताराची हवी. वेळापत्रकात मुलींच्या तुकड्यांना सकाळचे तास बरोबरीने मिळावेत. कडक उन्हातला तास नेहमी त्यांच्याच वाट्याला येऊ नये.

कायद्याने काय दिले आहे? २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे, खेळाचे साहित्य प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे मिळावे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा, असे म्हटले आहे. हे मोठेच पाऊल होते. पण क्रीडांगण केवढे असावे याचे माप त्या परिशिष्टात नाही. त्यामुळे इमारतीमागची एक बोळवजा जागाही कागदावर क्रीडांगण ठरू शकते. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांसाठी क्रीडासाहित्याचे वार्षिक अनुदान ठरविले गेले : प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. आपल्या हिशेबातल्या चारशे मुलांच्या माध्यमिक शाळेला पूर्ण २५,००० मिळाले तरी दर मुलामागे वर्षाला साडेबासष्ट रुपये होतात. सरकारने हात दिला तो स्वागतार्हच आहे. पण खासगी संस्थांना तर आपल्याच पायांवर उभे राहावयाचे आहे.

म्हणून शेवटचे मागणे माजी विद्यार्थ्यांकडे. आपण आपल्या शाळेवर प्रेम करता, आणि प्रेम व्यक्त करावयाचे म्हणजे इमारत बांधून द्यावयाची अशी आपल्याकडे रीत पडली आहे. इमारतीला भिंत असते, भिंतीवर संगमरवरी पाटी बसते. मैदानावर पाटी लावावयास भिंत नसते. या शहरातल्या एका शाळेचा कारभार मी जवळून पाहिला. नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने सभागृह बांधून दिले, पुढे नव्या वर्गखोल्या झाल्या, मग वाहनतळ झाला. प्रत्येक काम आवश्यक होते, प्रत्येकाचा ठराव एकमताने झाला, आणि प्रत्येक वेळी जागा घेतली ती मैदानातूनच. शेवटी सभागृहात क्रीडादिनाचे भाषण झाले आणि खेळ घेण्यासाठी मुलांना रस्त्यापलीकडे न्यावे लागले. यात कोणी दुष्ट नव्हते. मैदानाच्या बाजूने बोलणारा मात्र त्या सभांत कोणी नव्हता.

हैदराबादेतल्या जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. मराठी माध्यमाच्या तुकड्या येथे कमी होत गेल्या. अशा वेळी मोकळी जमीन ही ‘पडून असलेली’ वाटू लागते, आणि तिच्याकडे पाहणारे पुष्कळ असतात. मुले कमी झाली म्हणून मैदान लहान करावे, या युक्तिवादाला मी घाबरतो. कारण मैदान नसलेल्या शाळेत पुढच्या वर्षी मुले आणखी कमी येतात. तेव्हा माझी नम्र सूचना अशी. संस्थेने मैदानाचा मोजणी केलेला नकाशा करून तो मिळकतीच्या कागदपत्रांना जोडावा, आणि सर्वसाधारण सभेच्या विशेष बहुमताशिवाय त्यावर एक वीटही चढणार नाही असा ठराव घटनेत घालावा. माजी विद्यार्थी संघाने देणगीचा एक कायम निधी करावा आणि त्याचे व्याज केवळ माती, पाणी, चुना, चेंडू आणि मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा पगार यांवरच खर्चावे. उभारणीसाठी मिळालेल्या प्रत्येक रुपयातले चार आणे या निधीत टाकावेत. वर्षातून एकदा, मैदानावरच सभा भरवून, मुले, तासिका, जागा आणि साहित्य यांची मोजणी जाहीर वाचावी. आणि त्या सभेत नववी-दहावीच्या मुलामुलींपैकी दोघांना बोलू द्यावे. मैदान कोठे बोचते हे त्यांच्या तळपायांना ठाऊक असते.

ज्या शिक्षकांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीने परभाषेच्या राज्यात, तुटपुंज्या साधनांत आपल्यासाठी शाळा उभी करून ठेवली. आपल्या वाट्याला ती राखण्याचे काम आले आहे. राखावयाचे तर छपराखालचे आणि छपराबाहेरचे, दोन्ही राखले पाहिजे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आपल्यापैकी चार जणांनी फीत घेऊन मैदान मोजले आणि त्याचा नकाशा मुख्याध्यापकांच्या खोलीत लावला, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.